ऐकलेला सिनेमा

सांगलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. पत्र तसं लहानच, पण वाचल्यावर आधी हसू आलं आणि मग जरा वेळ मी तशीच बसून राहिले. त्या लिहितात, "सिनेमा किंवा मालिका बघताना माझ्या डोळ्यांना धार लागते. ह्यांना त्याची फार गंमत वाटते. 'अगं, त्या बाईला काही झालेलं नाही. मागं व्हायोलिन वाजतंय म्हणून तू रडतेस,' असं मुलांसमोर म्हणतात. आता तर सूनही गालातल्या गालात हसायला लागली आहे. खरंच का हो मी इतकी भोळी आहे?"

ताई, तुमचे यजमान म्हणतात ते निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याचं उत्तर जरा लांबलचक आहे, आणि ते मला अलीकडेच आमच्या साताऱ्याच्या घरात मिळालं. म्हणून लोणच्यावरच्या बुरशीचा प्रश्न (त्यावर तीन पत्रं आली आहेत, विसरलेले नाही) पुढच्या अंकावर ढकलते.

गणपतीच्या आधीची गोष्ट. आमच्या टी.व्ही.चा आवाज गेला. चित्र अगदी स्वच्छ, आवाज ठार बंद. दुरुस्तीवाला म्हणाला, स्पीकर गेलाय, दोन दिवस लागतील. पण संध्याकाळची मालिका सोडायची कशी? सासूबाई, शेजारच्या काकू, कामाला येणाऱ्या मावशी आणि मी, अशा चौघी त्या मुक्या टी.व्ही.समोर बसलो. नेमका त्या दिवशी मोठा प्रसंग होता. धाकट्या सुनेला घराबाहेर काढतात. सुनेनं हात जोडले, सासूनं मान फिरवली, मग एकेकाचं तोंड जवळून, पुन्हा एकेकाचं तोंड जवळून. आणि काय सांगू, मावशींना एकदम हसू फुटलं. "अवो, ह्या समद्याजणी दाढ दुखल्यागत का करत्यात?" झालं! आम्ही सगळ्याच पदर तोंडाला लावून हसायला लागलो. तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंकडे आवाजासकट पाहिला, तर मावशींसकट सगळ्यांचे डोळे ओले.

प्रसंग तोच, नट्या त्याच, साड्यासुद्धा त्याच. फरक पडला तो कानाला.

आपण म्हणताना "सिनेमा बघायला जाऊ" म्हणतो. पण बघणं निम्मंच असतं. सिनेमातला आवाज तीन ठिकाणांहून येतो. माणसं बोलतात तो एक, वस्तू वाजतात तो दुसरा, म्हणजे दार, पावलं, बांगड्या, पाऊस, आणि वाद्यांचा तिसरा. हे तिन्ही बहुतेक वेळा वेगवेगळे मुद्रित करून ठेवतात आणि शेवटी एकत्र करतात. कुठला किती ठेवायचा, हे आमटीत चिंच-गूळ घालण्यासारखंच असतं. चिंच जरा जास्त झाली की आमटी बिघडली. बोलण्यावर व्हायोलिन चढलं की प्रसंग बिघडला. बरेचदा मालिकावाले गूळच गूळ घालतात, हे माझं मत. कुणी चहाचा कप खाली ठेवला तरी धाडकन तीनदा वाजतं. तो कप मेला की काय, असं वाटावं!

वस्तूंचे आवाज तर पुष्कळदा खरे नसतातच. चित्रीकरणाच्या जागी मोटारींचा गोंगाट असतो, कावळे ओरडत असतात. मग पुढं स्टुडिओत पडद्यावरचं चित्र बघत बघत माणसं ते आवाज नव्यानं काढतात. त्यांचं कामच ते. नायिका जिना उतरते तेव्हा आपल्याला ऐकू येणारी पावलं बहुधा तिची नसतात. दुसऱ्याच कुणाची तरी असतात, आणि तो कदाचित मिशीवाला गृहस्थही असेल.

हा खेळ घरी करून बघण्यासारखा आहे. मुलांना सुट्टी लागली की "आई, कंटाळा आला" सुरू होतं ना, तेव्हा करा. दोन करवंट्या पालथ्या धरून फरशीवर आपटा, घोडा येतो. सुपात मूठभर ज्वारी घेऊन सूप सावकाश इकडून तिकडे कलतं करा, समुद्राची लाट ऐकू येते. बिस्किटाच्या पुड्याचा कुरकुरीत कागद कानाजवळ हळूहळू चुरगळला की जाळ पेटतो. पत्र्याचा तुकडा हलवला की ढग गडगडतात (हातमोजे घाला, पत्र्यानं बोटं कापतात). आणि पाऊस हवा असेल तर तळणाच्या कढईपासून जरा लांब बसून डोळे मिटायचे. मी पुऱ्या तळत असताना धाकटीनं मोबाइलवर तो आवाज घेतला आणि रात्री ह्यांना ऐकवला. हे चटकन उठून गच्चीवरचे कपडे आणायला निघाले होते!

सांगलीच्या ताईंच्या यजमानांनी हे जरूर वाचावं. फसायला बाईमाणूसच असावं लागतं, असं काही नाही. एवढ्यानं पटलं नाही तर एकदा क्रिकेटच्या शेवटच्या षटकाला टी.व्ही.चा आवाज पूर्ण बंद करून बघा. लोकांचा कल्लोळ नाही, समालोचकाचा चढता आवाज नाही. पांढऱ्या कपड्यांतली माणसं गवतावर इकडून तिकडे पळताहेत. (आता रंगीत असतात म्हणा.) बघा किती वेळ बसवतं ते.

आता वाद्यांचं. काळोख्या बोळातून बाई चालली आहे, काहीच घडत नाही, तरी आपण उशी पोटाशी का धरतो? कारण मागं एक खालचा सूर लावून ठेवलेला असतो. तो थांबत नाही आणि पुढंही सरकत नाही. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी यायची आहे, तेव्हा बाहेर दारात कुणाशी बोलताना निम्मं लक्ष आत असतं की नाही? तसंच. तिसरी झाली की जीव खाली पडतो. सिनेमावाले ती तिसरी शिट्टी लांबवत नेतात, एवढंच.

गंमत अशी की असाच अखंड सूर दुसरीकडे मन शांत करतो. माझं माहेर सांगलीचं. लहानपणी वडिलांबरोबर मिरजेला गेलं की तंतुवाद्यांच्या दुकानांसमोरून जायचो. पंढरपूरकडचे भोपळे आणून, वाळवून तिथं तंबोरे आणि सतारी करतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागीर नुसता सूर जुळवून बघायचा आणि रस्त्यावरची धूळसुद्धा खाली बसली असं वाटायचं. तोही न थांबणारा सूरच. मग एकानं भीती आणि दुसऱ्यानं शांती कशी? तर आवाज एकटा काही करत नाही. त्याच्यापुढं काय दाखवलंय, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीचं काय आहे, यावर ते ठरतं. सनईचंच बघा ना. देवळात पहाटे वाजली की प्रसन्न वाटतं, मांडवात वाजली की लगबग. आणि तीच सनई लेकीच्या पाठवणीच्या वेळी जरा सावकाश वाजू द्या! दुसऱ्याची लेक असली तरी आपला घसा दाटतो.

मध्यंतरी आमचा महिला मंडळाचा गट वाईजवळ मेणवलीला गेला होता. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, देवळाजवळची वसईहून आणलेली ती मोठी घंटा, सगळं पाहिलं. त्या घाटावर २००४ सालच्या 'स्वदेस'चं चित्रीकरण झालं होतं, म्हणून दोघीतिघींना फार उत्साह. पण तिथं उभं राहिल्यावर एकीचं तोंड उतरलं. म्हणाली, "सिनेमात केवढं वाटत होतं!" घाट तोच होता. नदी तीच होती. पण ए. आर. रहमान काही घाटावर बसलेले नव्हते. वर बायका कपडे आपटत होत्या, खाली एक पोरगं म्हशीला हाका मारत होतं. मला तेच आवडलं, पण ते राहू दे.

बोलण्याबद्दल एकच सांगते. मोठ्यानं बोललं की जोर येतो, असा काही जणांचा समज असतो. १९७५ सालच्या 'सामना'त निळू फुल्यांचा हिंदुराव पाटील आठवा. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा, पण आवाज चढवायची त्याला गरजच पडत नाही. घोगऱ्या, खालच्या आवाजात सावकाश बोलतो, आणि त्यानंच अंगावर काटा येतो. त्याच्यासमोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर. लागू जन्मानं आमच्या साताऱ्याचे. मास्तराला प्रश्न पडलेला, पाटलाला उत्तर दडवायचं. ते बोलणं लिहिलं विजय तेंडुलकरांनी, पण कागदावर वाचून ती भीती येणार नाही. खेड्यापाड्यांतल्या बायका निळूभाऊंना खरोखरच घाबरायच्या, ते काही त्यांच्या तोंडाकडे बघून नव्हे. ती त्या आवाजाची करामत होती.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमच्या सासऱ्यांची बहीण, आत्याबाई, पावसाळ्यात चार महिने आमच्याकडे असतात. वय नव्वद. सासर कोरेगाव तालुक्यातलं. एका डोळ्याचं काम संपलेलं, दुसऱ्यानं नुसती सावली दिसते. पण कान तिखट. दुधाचं पातेलं उतू जायच्या आधी त्यांना कळतं. आम्ही टी.व्ही. बघतो तेव्हा त्या भिंतीला टेकून कापसाच्या वाती वळत बसतात, आणि मध्येच म्हणतात, "ही खोटं बोलतेय." बहुतेक वेळा खरं निघतं.

टी.व्ही. दुरुस्त होऊन आला त्याच आठवड्यात भाचा घरी आला होता. त्याला जुन्या सिनेमांचा नाद. त्यानं मोबाइल टी.व्ही.ला जोडून प्रभातचा 'कुंकू' लावला. १९३७ सालचा. हिंदीत तोच 'दुनिया न माने' नावानं निघाला. चित्र पांढरंकाळं, त्यावर ओरखडे, आवाजात खरखर. मी म्हटलं, कोण बघणार आता हा! पण श्रेयनामावलीत कथालेखकाचं नाव आलं आणि मी सरसावून बसले. नारायण हरी आपटे. सांगलीजवळच्या समडोळीला १८८९ साली जन्मलेले, आणि आयुष्य काढलं साताऱ्याकडच्या कोरेगावात. १९७१ साली वारले. म्हणजे जन्मानं माझ्या माहेरचे आणि वास्तव्यानं आत्याबाईंच्या सासरचे! त्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर हा सिनेमा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत केशवराव भोळ्यांचं.

गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. नीरा ही मामा-मामींकडे वाढलेली पोरकी मुलगी. तिला फसवून एका म्हाताऱ्या वकिलाच्या, काकासाहेबांच्या गळ्यात बांधतात. घरात तिच्याएवढ्या वयाची सावत्र मुलं. नीरा संसार मानायला नकार देते. रडत नाही, पळत नाही, त्या घरात राहून नाही म्हणते. शांता आपटे नीरा झाल्या आहेत, केशवराव दाते काकासाहेब.

जरठ-कुमारी विवाहाचा विषय आमच्या कृष्णाकाठाला नवा नव्हता. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ सालचं. त्यातली शारदा आपलं दुःख गाऊन सांगते, आणि तिच्या सुरामागं साथीचा सूर असतो. माझी आजी त्यातली पदं म्हणता म्हणता डोळे पुसायची. संगीत नाटकातलं दुःख असं, की कुणीतरी पाठीवर हात ठेवून रडायला सांगतंय. लोक हळहळले, चर्चा झाल्या, पुढं १९२९ साली बालविवाहाचा कायदाही आला. त्या कायद्यानं मुलीचं कमीतकमी वय किती ते ठरवलं. नवऱ्याचं जास्तीत जास्त किती, ते मात्र कुणी ठरवलं नाही.

'कुंकू' निघाला तेव्हा मराठी बोलपट पाचच वर्षांचा होता. 'अयोध्येचा राजा' १९३२ सालचा. पडद्याला नुकताच कंठ फुटलेला, त्यामुळं गाणी किती घालू न् वाद्यं किती वाजवू, असं सगळ्यांना झालेलं. नव्या सुनेनं पहिल्या सणाला सगळे दागिने एकदम घालावेत, तसं. अशा वेळी 'कुंकू'त शांताराम आणि भोळ्यांनी पार्श्वसंगीत काढूनच टाकलं. गाणी आहेत, पण प्रसंगामागून उगीच वाजणारी वाद्यं नाहीत. त्या घरात, त्या रस्त्यावर जे खरोखर ऐकू येईल तेवढंच. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, ती ग्रामोफोनच्या साथीवर. आणि घरात भिंतीवर एक जुनं लंबकाचं घड्याळ आहे. त्याची टिकटिक.

मी चहा टाकायला उठले होते. बाहेर आले तर आत्याबाईंचे वाती वळणारे हात थांबलेले.

"हे घड्याळ कुठं आहे गं?"

"सिनेमातलं आहे, आत्याबाई."

"म्हाताऱ्याचं?"

"हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

त्यावर काही बोलल्या नाहीत. सिनेमा चाललेला. मला वाटलं, विषय संपला. मी कपबशा ठेवल्या. मग त्या, कुणाला उद्देशून असं नव्हे, म्हणाल्या, "आमच्याकडं घड्याळ नव्हतं. अडकित्ता होता."

आम्हाला काही कळेना. भाचा तर "अडकित्ता म्हणजे?" म्हणून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

"रात्री ते ओसरीवर पान जमवत बसायचे. सुपारी कातरायचे. मी आत अंथरुणं घालून बसलेली असायची. अडकित्ता वाजतोय तोवर बरं असायचं. मग तो थांबायचा. मग डब्याचं झाकण लागायचं. मग खडावा. ओसरीपासून माजघरापर्यंत नऊ पावलं." थोडं थांबून म्हणाल्या, "अडकित्ता थांबला की माझ्या पोटात गोळा यायचा. सोळा वर्षांची होते गं मी."

ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि हलकेच टी.व्ही.चा आवाज कमी केला. आत्याबाई म्हणाल्या, "कमी करू नकोस. ऐकू दे."

आमच्या घरात आत्याबाईंच्या लग्नाबद्दल आजवर एकच वाक्य बोललं जात असे: "बिजवर, पण भरल्या घरी पडली." १९५१ साली लग्न झालं तेव्हा आत्याबाई सोळाच्या आणि ते त्रेचाळिसांचे. पहिलीचा एक मुलगा. तो मुलगा चांगला आहे हं, आज स्वतःची सत्तरी उलटून गेली तरी ह्यांना आई म्हणतो, औषधपाणी बघतो. यजमान जाऊनही पन्नास वर्षं होऊन गेली. त्यांच्याविषयी आत्याबाई वाईट बोलल्याचं कुणाला आठवत नाही. चांगलं बोलल्याचंही आठवत नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

आणखी एक आठवलं, आणि ते आठवून मी मनात अगदी मेल्यासारखी झाले. माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आत्याबाईंकडे सत्यनारायण होता. सुपारी फोडायला मी फळीवरचा पितळी अडकित्ता काढला. छान नक्षीचा होता. आत्याबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, परत फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बाजारातून कातरलेली आण." मी घरी येऊन सासूबाईंना म्हटलं होतं, "केवढ्या चिकट आहेत हो! अडकित्त्याला हात लावू देत नाहीत."

सांगलीच्या ताई, आता तुमच्या व्हायोलिनकडे येते. 'कुंकू'त व्हायोलिन नव्हतं. कुणी रडायला सांगत नव्हतं. वाद्यं मागं असली की ती आपल्याला हाताला धरून नेतात: इथं रडा, इथं घाबरा, आता हसा. त्यात वाईट काही नाही, चांगला संगीतकार असला तर त्याच्या हाताला धरून जाण्यात सुख असतं. माणदेशातल्या आटपाडीजवळ औंध संस्थाननं कैद्यांची 'स्वतंत्रपूर' ही खुली वसाहत केली होती. त्यावरून त्याच शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. लेखन ग. दि. माडगूळकरांचं, तेही त्याच आटपाडी भागातले. त्यात वसंत देसाईंनी दिलेली, लताबाईंनी गायलेली प्रार्थना आहे. ती लागली की आजही मन निवतं, आणि त्यासाठी आपण कुणाची माफी मागायला नको.

पण वाद्यं नसतात तेव्हा जागा मोकळी राहते. तिथं ज्याचा त्याचा आवाज येऊन बसतो. भाच्याला ते घड्याळ म्हणजे दिग्दर्शकाची हुशारी वाटली. मला आजीचं घर आठवलं. आत्याबाईंना अडकित्ता. बांगड्या फुटल्याचा आवाज पडद्यामागून नुसता आला तरी थिएटरातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात, तेव्हा त्या काय फक्त त्या नटीसाठी रडत असतात? तुमच्या यजमानांना रात्री पानसुपारीच्या गप्पांत हे हळूच विचारा. मुलांसमोर विचारू नका. त्यांनी केलं ते आपण करायला नको.

आणि तुम्हाला स्वतःला एक विचारते. उत्तर मला लिहायची गरज नाही. तुमच्या घरात असा कुठला आवाज आहे, की जो ऐकला की तुमचे हात थांबतात? फाटकाची कडी असेल, स्कूटर बंद झाल्याचा असेल, कुणाचं खाकरणं असेल. आमच्याकडे सून नवी आली तेव्हा मी भांडी जरा आपटून ठेवायची. राग नसायचा, सवयच तशी. पुष्कळ दिवसांनी ती म्हणाली, "आई, सकाळी भांडी वाजली की मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं." मला पत्ताच नाही! तेव्हापासून ओट्यावर जाड फडकं घालते आणि त्यावर पातेली उतरवते. जुन्या टॉवेलचे चौकोन शिवून घ्या, छान होतात.

त्या रात्री सिनेमा अर्धाच राहिला, लाइट गेली. मला वाटलं, बरंच झालं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर आत्याबाई स्वतःच म्हणाल्या, "ते कालचं राहिलंय ना? लाव." मग आम्ही दोघींनीच उरलेला पाहिला. म्हणजे मी पाहिला, त्यांनी ऐकला. खरखरीत एखादं वाक्य हरवलं की मी सांगत होते. मध्ये बराच वेळ टिकटिक ऐकू आली नाही, तर त्यांनी मान वर केली. "बंद पडलं का?" मी म्हटलं, "नाही, दुसऱ्या खोलीतलं चाललंय." "हं," म्हणाल्या आणि परत वाती वळायला लागल्या.

शेवटी काकासाहेबांना आपली चूक कळते. ते जीव देतात आणि नीरासाठी पत्र ठेवून जातात, की तू योग्य अशा माणसाशी लग्न कर. आत्याबाईंना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, म्हणून मीच सांगितलं.

"पत्र लिहिलं त्यानं?"

"हो."

"काय लिहिलंय? परत सांग."

मी परत सांगितलं. सिनेमा संपला होता, तरी मी टी.व्ही. बंद केला नाही. नुसती खरखर येत होती. आत्याबाईंनी वळलेल्या वाती चाचपून मोजल्या, डब्यात भरल्या.

"आमच्या ह्यांनाही लिहिता-वाचता चांगलं येत होतं," त्या म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण अगदी हळू लावलं.